चाक निवडताना: रंग शेवटी, ब्रेक आधी

आम्ही भांडुपच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. भांडुप म्हणजे मुंबईचं उपनगर, घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधलं. आमच्यातल्या निम्म्या जणींची माहेरं सातारा-सांगलीकडची, काहींची कोकणातली. म्हणजे बोलणारे आम्ही मुंबईतले असलो, तरी ऐकणारं माणूस घरचंच आहे.

आज आम्ही सायकलच्या रिमबद्दल बोलणार आहोत. रिम म्हणजे चाकाची बाहेरची गोल कडी, जिच्यावर टायर बसतो. तुम्ही म्हणाल, बायकांच्या कार्यक्रमात हा कुठला विषय काढला? पण ऐका. गेल्या काही वर्षांत गावोगावच्या मुली सायकलच्या शर्यतीत उतरायला लागल्यात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या इंगळीची पूजा दानोळे, भंडाऱ्याकडची मयूरी लुटे या आपल्या मुलींनी राष्ट्रीय पातळीवर पदकं मिळवलीत. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीला फेरी घातली. उद्या तुमची लेक म्हणाली, 'आई, रेसची सायकल पाहिजे, तिला काळी हलकी रिम पाहिजे,' तर हो किंवा नाही म्हणण्याआधी आपल्याला काही माहिती नको का? आम्हाला नव्हती. त्याची किंमत आमच्या एका पोरीच्या मनगटाने दिली. तीच गोष्ट आधी सांगतो.

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक बारावीला होती. पहाटे पूर्व द्रुतगती मार्गावर सायकल चालवायची, रविवारी बोरीवलीच्या नॅशनल पार्कात जायची. जिल्ह्याच्या निवड शर्यतीत उतरायचं तिच्या मनात होतं. सायकल जुनी घेतलेली, चाकं वाकडी झालेली. ताईंनी गटातून पाच हजारांचं कर्ज घेतलं. आम्ही तिघी-चौघी हौसेने दुकानात गेलो. आम्ही काय मागितलं? 'काळी पाहिजे, हलकी पाहिजे, आणि या पैशांत बसली पाहिजे.' दुकानदाराने तशीच दिली. छान चकचकीत काळी, कडेपासून कडेपर्यंत. सायकल अशी दिसायला लागली की गल्लीतली पोरं बघत राहिली.

जून उजाडला, पाऊस आला. एका सकाळी उड्डाणपुलाच्या उतारावर तिने ब्रेक दाबला आणि ब्रेक लागलाच नाही. म्हणजे रबर रिमला टेकत होतं, पण चाक घसरतच राहिलं. खाली एक रिक्षा उभी होती. देवाची कृपा म्हणून फक्त मनगटावर निभावलं. सहा आठवडे प्लॅस्टर. निवड शर्यत गेली. घरात वडील म्हणाले, 'विका ती सायकल. पोरीच्या जातीला हे कशाला?' ताईसुद्धा गप्प बसल्या. कर्जाचे हप्ते मात्र चालूच होते.

तेव्हा गटाच्या बैठकीत आमच्यातली एक वयस्कर मावशी म्हणाली, 'कुकरची शिट्टी उडाली म्हणून आपण भात शिजवणं सोडलं का? आधी बघू तरी, चुकलं कुठं.' मग आम्ही ती सायकल एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी चाक फिरवून बोट लावलं. बोट काळं झालं. मग ब्रेकची रबरं काढून दाखवली, त्यांच्यावर काळा चकचकीत थर बसलेला. काका म्हणाले, 'रिम वाईट नाही. पण जिथं ब्रेक घासतो तिथंसुद्धा रंग आहे. पावसात रंगावर रबर पकडत नाही. तुम्ही रंग बघितला, ब्रेकची जागा बघितली नाही.'

बहिणींनो, चूक दुकानदाराची नव्हती, पोरीचीही नव्हती. मागताना आम्हीच चुकीचं मागितलं होतं. म्हणून आज, काय मागायचं ते सांगतो.

आधी धातू. बैलगाडीचं चाक आठवा. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि बाहेरून लोखंडी धाव. सायकलचंही तसंच. तुंबा म्हणजे हब, आरे म्हणजे स्पोक, आणि बाहेरची कडी म्हणजे रिम. फरक एवढाच की गाडीचे आरे वजन खालून टेकून धरतात आणि सायकलचे बारीक स्पोक ताणून बांधलेले असतात. त्यांचा ताण सारखा नसला की चाक लचकतं. त्यालाच आपण चाक 'आऊट' झालं म्हणतो.

आपल्या साध्या काळ्या सायकलींची रिम पोलादाची असते, वरून चकचकीत मुलामा. रेसच्या सायकलची असते अ‍ॅल्युमिनियमची. आपण ज्याला जर्मनचं पातेलं म्हणतो तोच धातू, पण त्यात दुसरे धातू मिसळून कणखर केलेला. त्याच आकाराचं पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड भरतं. हा धातू रेसमध्ये आला त्याची एक गंमत सांगतात. १९३४ साली फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत, तूर द फ्रान्समध्ये, अंतोनां मान्य नावाचा खेळाडू अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर धावला. तेव्हा शर्यतीत लाकडी रिमा चालायच्या. कुणाला कळू नये म्हणून त्याच्या रिमांना म्हणे लाकडासारखा रंग दिला होता! शर्यत त्यानेच जिंकली. म्हणजे रिमच्या रंगाने माणसं फसतात, ही गोष्ट आजची नाही.

पोलाद सोडून अ‍ॅल्युमिनियम घेण्याचं वजनाहून मोठं कारण आहे ब्रेक. मुलाम्याची पोलादी रिम पावसात भिजली की ब्रेक लागायला फार वेळ लागतो. अ‍ॅल्युमिनियमवर रबर बरंच चांगलं पकडतं. आणि मुंबईचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा दिवस रोज येत नाही, पण चार महिने रस्ता ओला असतोच. त्यात लाल बहादूर शास्त्री मार्गावर मेट्रोच्या कामाने खोदाखोद झाली, आणि खड्डे तर विचारूच नका.

दुकानात 'अ‍ॅलॉय आहे' म्हणून काहीही देतील. खरं ओळखायचं कसं? पर्समध्ये एक छोटं चुंबक ठेवा, फ्रिजवर लावायचं असतं तसं. पोलादाला चिकटेल, अ‍ॅल्युमिनियमला चिकटणार नाही. वरून कितीही काळा रंग दिलेला असो, चुंबक खोटं बोलत नाही.

आता काळ्या रंगाकडे येऊ. काळी रिम दोन तऱ्हांनी करतात. एक म्हणजे वरून रंग देणं, फवारून किंवा पावडर भाजून. दुसरी तऱ्हा म्हणजे अ‍ॅनोडाइझ करणं. हा शब्द नवा वाटला तरी वस्तू तुमच्या चुलीवर आहे. ती काळपट करडी हार्ड अ‍ॅनोडाइज्ड कढई किंवा कुकर असतो ना, तेच. अ‍ॅल्युमिनियम पातळ केलेल्या आम्लात बुडवून त्यात वीज सोडतात. मग धातूच्या अंगावरच एक बारीक, टणक थर उगवतो. त्या थराला न दिसणारी छिद्रं असतात, त्यांत काळा रंग मुरवतात आणि गरम पाण्यात छिद्रं बंद करतात. रंग वरून लिंपलेला नसतो, थरात मुरलेला असतो. म्हणून तो पोपडे धरत नाही.

ओळखायचं कसं? स्पोकच्या भोकाच्या कडेला बघा. रंग दिला असेल तर तिथं तो जाड होऊन साचलेला दिसतो. अ‍ॅनोडाइझ केलेल्या रिमवर जाडी दिसत नाही, आणि हाताला धातूच लागतो.

मग अ‍ॅनोडाइझ केलेली काळी रिम मजबूत असते का? दुकानात तसं सांगतात. पण हा थर टणक असला तरी काचेसारखा ठिसूळ असतो. चालताना रिम क्षणाक्षणाला थोडी वाकते आणि सरळ होते. धातू वाकतो, थर वाकत नाही, त्याला बारीक तडे जातात. थर जाड असेल तर ते तडे पुढे धातूत उतरू शकतात, विशेषतः स्पोकच्या भोकांपाशी. म्हणजे काळा रंग ही ताकदीची खूण नाही. पातळ थराची काळी रिम खुशाल घ्या, दिसायला छान असते आणि खारं वारंही सोसते. पण 'काळी म्हणून भक्कम' या बोलण्यावर पैसे जास्त देऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ज्या सायकलला रिमवर घासणारे ब्रेक आहेत, तिच्या रिमच्या दोन्ही बाजूंना, जिथं रबर टेकतं तिथं, काळा रंग नको. तिथं यंत्रावर घासून सपाट केलेला, उघडा, चंदेरी पट्टा हवा. बाकी रिम काळी आणि कडेला चांदीची कड, अशी ती दिसते. आमची पोर आधी नाक मुरडायची, 'पूर्ण काळीच भारी दिसते' म्हणायची. आता दुसऱ्यांना सांगते, 'ती चांदीची कड म्हणजे तुझा जीव आहे.' अ‍ॅनोडाइझ केलेला काळा थरसुद्धा ब्रेकच्या जागी काही पावसांत घासून जातो आणि पट्टा चट्ट्यापट्ट्याचा होतो, ब्रेक अडखळत लागतो. काही महागड्या रिमांवर ब्रेकसाठीच बनवलेला खास काळा थर असतो, पण त्यांना रबरंही खास लागतात. सायकलला डिस्क ब्रेक असतील, म्हणजे चाकाच्या मधे वेगळी चकती असेल, तर मात्र पूर्ण काळी रिम चालते, कारण तिथं रिमला ब्रेक लागतच नाही.

आता हलकेपणा. रेसच्या अ‍ॅल्युमिनियम रिमा साधारण ४०० ते ५५० ग्रॅमच्या असतात. पाकिटावर लिहिलंय त्यावर जाऊ नका. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे. पण हलकं किती घ्यायचं? चाकाच्या कडेचं वजन वेग घेताना जास्त जाणवतं, जवळजवळ दुप्पट. सिग्नलला थांबून पुन्हा निघताना पाय सांगतात. पण एका चालीने घाट चढताना रिमचं वजन आणि बाटलीतल्या पाण्याचं वजन सारखंच. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढून जो पहिला येतो त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. तो राजा पायांनी आणि दमाने होतो, रिमच्या पन्नास ग्रॅमनी नाही. दोन्ही चाकांत मिळून २०० ग्रॅम वाचले तर ते म्हणजे एक पेलाभर पाणी. आणि फार हलकी रिम म्हणजे पातळ पत्रा. खड्ड्यात कड वाकते, ब्रेकने घासून लवकर झिजते. मुंबईतल्या सगळ्या रस्त्यांसाठी आणि गावाकडच्या खडीच्या रस्त्यांसाठी ५०० ग्रॅमच्या आसपासची रिम बरी, असं आम्ही ठरवलं.

जगाची फेरी मारायलाही हलकी रिम लागली नव्हती. १९२३ साली मुंबईतून काही पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं १९२८ मध्ये सुमारे ७१ हजार किलोमीटर करून परतले, त्या काळच्या जड सायकलींवर!

आता रिमची मापं. इथं पुष्कळ लोक फसतात. रेसच्या सायकलच्या रिमवर ६२२ हा आकडा कोरलेला असतो. दुकानात तिला ७०० सी म्हणतात. आपली बाबा-आजोबांची मोठी काळी सायकल, २८ दीडची, तिचा आकडा ६३५. मुलींच्या बऱ्याच साध्या सायकली २६ इंची, पण त्यांतही दोन प्रकार. एकीचा ५९०, दुसरीचा ५५९. आकडा जुळला नाही तर टायर बसणारच नाही, कितीही ओढा. रिमवर ६२२ गुणिले १७ असं लिहिलेलं असेल तर १७ ही आतली रुंदी, मिलिमीटरमध्ये. १७ ते १९ रुंदीवर २५ ते ३२ चा टायर नीट बसतो. आमचं म्हणणं, सायकलच्या चिमट्यात मावत असेल तर २८ चा टायर घ्या. खड्ड्यात रिम वाचते.

भोकं मोजा. हबला जेवढी भोकं तेवढीच रिमला हवीत. जुन्या मोठ्या सायकलींना पुढे ३२, मागे ४० असतात. रेसच्या सायकलींना ३२, कधी ३६, आणि शर्यतीच्या खास चाकांना २०-२४ सुद्धा. आपल्या रस्त्यांना ३२ हवेतच. कमी भोकांच्या चाकाचा एक स्पोक तुटला की चाक तिथंच एवढं आऊट होतं की घरी ढकलत यावं लागतं. व्हॉल्व्हचं भोकही बघा. बारीक व्हॉल्व्हला साडेसहा मिलिमीटर, आपल्या नेहमीच्या जाड व्हॉल्व्हला साडेआठ. बारीक भोकाच्या रिमला गावात ट्यूब मिळेल का, हे आधी विचारा.

रिम दुहेरी भिंतीची घ्या. एकेरी म्हणजे नुसती पन्हळ. दुहेरी म्हणजे आतून पोकळ नळी, वेळूसारखी, म्हणून हलकी असून ताठ. टायरच्या बाजूने आत बघा. भोकात खोल दुसरा मजला दिसला तर ती दुहेरी. आणि ताडपत्रीच्या भोकाला जशी धातूची कडी असते, तशी स्पोकच्या भोकांना कडी असेल तर आणखी चांगलं, ताण एका जागी येत नाही.

जुनी चाकं नेताना जुने स्पोक फेकू नका, मापाला उपयोगी पडतात. पण नव्या रिमची उंची वेगळी असेल तर नवे स्पोक लागतील, तो खर्च आधीच धरा. आम्ही धरला नव्हता. अंधेरी-वर्सोव्यासारख्या समुद्राजवळच्या भागात किंवा कोकणात राहत असाल तर स्पोक स्टेनलेसचे आणि टोकाच्या बारीक मुंड्या पितळेच्या घ्या. बांधणी झाल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा आऊट काढून घ्या. नवे स्पोक बसताना थोडे सैल पडतातच.

रेसची सायकल तुमच्या घरात नसेल, तरी हे चार नियम शाळेत जाणाऱ्या मुलीच्या सायकललाही लागू आहेत.

पहिला, पावसाळ्याआधी ब्रेकची रबरं काढून पॉलिश पेपरवर घासा. त्यांत रुतलेली खडी, धातूचे कण सुईने काढा.

दुसरा, रिम ओल्या फडक्याने पुसा. तेल रिमला कधीही नाही. आणि धुण्याचा सोडाही नाही. जर्मनचं पातेलं सोड्याने काळं पडतं ना? तसाच रिमचा थरही खराब होतो.

तिसरा, अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर ब्रेकच्या जागी सहा इंची पट्टी उभी धरा. पट्टी आणि रिममध्ये फट दिसली, म्हणजे भिंत आत झिजलीय. पुष्कळ रिमांवर झीज कळायला बारीक रेघ किंवा खळगा असतो. तो दिसेनासा झाला की रिम बदला. झिजलेली भिंत हवेच्या दाबाने फुटते, आणि ती उतारावर फुटली तर सांगायला माणूस उरत नाही.

चौथा, स्पोकच्या भोकांभोवती तडा दिसला तर ते चाक त्याच दिवशी बाजूला ठेवा. वेल्डिंग करून चालवू नका.

आणि जुन्या सायकलला पोलादी रिम असेल तर पोरीला एवढं शिकवा की पावसात ब्रेक लवकर आणि दोन-तीनदा हलका दाबून आधी पाणी पुसून घ्यायचं, मग जोरात दाबायचा.

आता शेवट सांगतो, कारण तुम्ही विचारणारच, पोरीचं पुढं काय झालं. गटाने ताईंचे हप्ते तीन महिने पुढे ढकलले. मिस्त्रीकाकांकडे जाऊन दुसरी रिम निवडली. काळी अ‍ॅनोडाइझ केलेली, चांदीच्या कडेची, दुहेरी भिंतीची, ३२ भोकांची. निवडायला या वेळी वडील स्वतः आले, चुंबक खिशात घालून! प्लॅस्टर निघाल्यावर पोर पुन्हा हळूहळू चालवायला लागली. पुढच्या वर्षी निवड शर्यतीत उतरली. पहिली नाही आली, दहाच्या आतही नाही. पण पूर्ण केली, आणि पावसात केली. आता रविवारी ती मिस्त्रीकाकांकडे बसून आऊट काढायला शिकते. वस्तीतल्या शाळेच्या पोरी तिच्याकडे सायकली आणतात. ती आधी ब्रेक बघते, मग हवा, आणि मग बाकीचं.

तुमच्या गटात सायकलसाठी कर्ज मागायला कुणी आलं, तर किती पैसे एवढंच विचारू नका. रिमवरचा आकडा, भोकं, ब्रेकची जागा हेही विचारा. आणि कुणाची पोर पडलीच, तर सायकल विकायच्या आधी चाक एकदा नीट तपासा.

आमचं बोलणं संपलं. नमस्कार.